ऐंशी किलोचे बाबा

"बाबा, तुम्ही खरंच ऐंशी किलोचे आहात?"

रात्रीच्या जेवणात हा प्रश्न टेबलावर पडला तेव्हा बाबांच्या हातातली लोण्याची सुरी पावाच्या तिसऱ्या तुकड्याकडे निघाली होती. ती अर्ध्या वाटेत थांबली.

खरं तर प्रश्न भोंग्याचा नव्हताच. भोंगा म्हणजे या घरातली नववीत शिकणारी एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षापर्यंत ती इतकं हळू बोलायची की "हजर" म्हणूनसुद्धा वहीत गैरहजर लागायची. मग शाळेच्या खेळांच्या दिवशी माइकवर बोलणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी जी समोर दिसली तिच्या हातात माइक कोंबला, आणि पोरीला स्वतःचा आवाज सापडला. सापडला तो परत हरवला नाही. महिन्याभरात घरात तिचं नाव भोंगा पडलं. ते तिला पदवी मिळाल्यासारखं वाटायचं.

तर प्रश्न होता तिच्या दोन मैत्रिणींचा, चिकटपट्टीचा आणि लांबोडीचा. शाळा सुटल्यावर तिघी बटाट्याच्या वखारीसमोरून येत होत्या आणि आत भोंग्याचे बाबा त्यांचं काम करत होते. बाबांना अख्खा बाजार 'काटेवाले' म्हणतो. वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे, जुळवायचे, हा त्यांचा धंदा. छोटे काटे ते पिशवीतल्या पितळी वजनांनी तपासतात. पोती आणि गठ्ठे तोलायच्या मोठ्या काट्यांसाठी मात्र त्यांची खास पद्धत आहे. ते बूट काढतात, काट्यावर चढतात, "मी ऐंशी," असं जाहीर करतात आणि तबकडीवरची सुई ऐंशीवर येईपर्यंत समोरच्या खांबातला स्क्रू फिरवतात. सुई आली की उतरतात. काटा जुळला.

त्या दिवशी ते चढले तेव्हा काटा कण्हला. रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

"तुझे बाबा ऐंशीचे असतील तर मी पेन्सिल आहे," चिकटपट्टी म्हणाली.

"विचार की त्यांना," लांबोडीनं काडी टाकली. "का, भोंगा घरी वाजत नाही वाटतं?"

असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

"ऐंशी," बाबा म्हणाले आणि त्यांनी लोणी मुक्कामी पोचवलं. "खोटं वाटत असेल तर बाजारातल्या कुठल्याही मोठ्या काट्याला विचार."

"पण ते सगळे काटे तुम्हीच जुळवलेत."

"मग? घरचे साक्षीदार कधी उलटत नाहीत."

"वजनाचंच म्हणाल तर मी साठ," आई मध्येच म्हणाली. "अकरा वर्षं. ना इकडे ना तिकडे."

आई पार्सल ऑफिसच्या खिडकीवर काम करते. दर शनिवारी खिडकी बंद झाली की ती पार्सलच्या काट्यावर उभी राहते आणि काटा इमानेइतबारे साठ दाखवतो. या साठवर ती ऑफिसातल्या तिघीजणींना व्याख्यानं देत असे. संयम, जिना आणि कोमट पाणी, असा त्या व्याख्यानांचा सारांश. भोंगा आईकडे बघत राहिली. गणितात ती पक्की होती, आणि तिच्या डोक्यात आता एक प्रश्न कुरकुरायला लागला होता, जो कुठल्याही मैत्रिणीनं दिलेला नव्हता. पार्सल ऑफिसचा काटा जुळवतं कोण?

पुढच्या रविवारी आईला जादा काम होतं. भोंग्यानं घरातली चार लोखंडी वजनं शोधून काढली. प्रत्येक वीस किलोचं. एक चपलांच्या फळीखाली होतं, दोन पाण्याच्या पिंपाखाली, आणि एक मागच्या दाराला अडसर म्हणून. गोणपाटावर ठेवून ती एकेक करत फरफटत मागच्या खोलीत आणली. तिथं बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि एक मोठा काटाही.

"हे काय चाललंय?" बाबा पेचकस पुसत म्हणाले.

"प्रयोग. बाबा, तुम्ही ही वजनं बाजारात का नेत नाही?"

"नेत होतो की. रोज चार वजनं हातगाडीवर चढव, उतरव. एक दिवस कंबर अशी धरली की आठ दिवस छताकडे बघत पडलो. उठल्यावर सहज काट्यावर उभा राहिलो तर बरोब्बर ऐंशी. चार वजनं ऐंशी, मी ऐंशी. म्हटलं, एक ऐंशी आपल्या पायानं चालत जात असताना दुसरं ऐंशी वाहायचं कशाला?"

भोंग्यानं चारही वजनं काट्यावर चढवली. सुई सहासष्ट किलो सातशेवर जाऊन बसली.

बाबांनी काच पुसली. मग चष्मा पुसला. मग म्हणाले, "वजनं झिजली."

"तेरा किलो?"

"अकरा वर्षं झाली. ते दारातलं तर रोज घासतं."

"बाबा."

"बरं, बरं."

भोंग्यानं पेचकस घेतला, सुई ऐंशीवर आणली, वजनं उतरवली आणि म्हणाली, "आता तुम्ही."

बाबा चढले. सुई ऐंशीपाशी आली, ओळखीचं स्टेशन न थांबता मागे टाकावं तशी पुढे गेली, नव्वदही ओलांडलं आणि शहाण्णववर थरथरत उभी राहिली. बाबा हळूच खाली उतरले आणि स्टुलावर बसले. स्टूलही कण्हलं.

"म्हणजे बाजारातले सतरा मोठे काटे..." भोंगा म्हणाली.

"खोटे." बाबांचा आवाज पार तळाला गेला होता. "खऱ्या शहाण्णवला ऐंशी म्हणतात. आणि तीन महिन्यांनी नवीन निरीक्षक बाई येणार आहेत. जुने साहेब माझ्यावर विसंबून खुर्चीत बसल्या बसल्या शिक्के मारायचे. या बाई स्वतःची गाडी आणतात म्हणे, आणि गाडीत स्वतःची वजनं. एक काटा खोटा निघाला की परवाना गेला. मला दुसरं काही येत नाही गं."

"मग उद्याच ही वजनं घेऊन सतरा दुकानं फिरू."

"आणि सांगू काय? वखारवाला मला काटेवाले म्हणून हाक मारतो. परवापासून काय म्हणून मारेल?" बाबांनी काच पुन्हा एकदा पुसली. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या उजेडात होतं. "सतरा काटे बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं. मी पुन्हा ऐंशी होतो. जसजसा उतरेन तसतसा फेरीत एकेका काट्यावर उभा राहीन. काटे थोडेथोडे सुधारतील, कुणाला कळणारही नाही. तीन महिन्यांत मी खरा ऐंशी, काटे खरे, विषय संपला. फक्त आईला यातलं काही सांगायचं नाही."

"का?"

"तिचे साठ."

भोंग्यानं मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. उत्तर बहात्तर आलं. तोंड उघडलं, परत मिटलं. खेळांच्या त्या दिवसानंतर भोंगा पहिल्यांदाच न वाजता बंद झाला.

आईला सांगितलं ते इतकंच, की बाबांना तब्येतीसाठी उतरायचंय. आई खूश झाली. तिच्या शेजारच्या खिडकीवरच्या बाईंचा भाऊ मांस-अंडी सोडून सडपातळ झाला होता, म्हणून घरात मांस बंद, अंडी बंद, निव्वळ शाकाहार सुरू. "मीही करते तुमच्यासोबत," ती म्हणाली. "मला तशी गरज नाही, पण घरातलं एक माणूस कोबी खात असताना दुसऱ्यानं मजा मारणं बरं दिसत नाही."

बाबांनी शाकाहार मनापासून स्वीकारला. इतका मनापासून, की पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी शाकाहारी असलेली एकही वस्तू सोडली नाही. तळलेले बटाटे शाकाहारी. चीज शाकाहारी, गाय गवतच खाते. साखर उसाची, आणि ऊस म्हणजे उंच गवत. सकाळी आठला पिशवी घेऊन बाहेर पडलेला माणूस दिवसभर दहा दुकानांत जातो, आणि दहाही दुकानदार म्हणतात, "काटेवाले, चहा घेऊनच जा." चहाबरोबर बिस्किटं येतात. बाबा प्रत्येक ठिकाणी आधी खात्री करून घेत, "अंडं नाही ना यात?" आणि नाही म्हटलं की चार उचलत. पंधराव्या दिवशी मागच्या खोलीतल्या काट्यानं साडेशहाण्णव दाखवले.

"शाकाहारानं वजन वाढतं," बाबांनी निष्कर्ष काढला.

"हत्तीही शाकाहारी असतो, बाबा."

"म्हणूनच त्याला कुणी काट्यावर चढ म्हणत नाही."

मग भोंग्यानं कारभार हातात घेतला. रोज सकाळी ती डबा भरायला लागली. उकडलेले वाटाणे, मसूर, कोबी, काकडी, गाजर. झाकणावर चिठ्ठी: 'चहा बिनसाखरेचा. बिस्किटांना हात लावलात तर मी वखारीसमोर उभी राहून ओरडेन.' धमकी पोकळ नव्हती, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी स्कूटर घरी ठेवली आणि चालायला लागले. पहिले काही दिवस ते वाटाण्यांकडे असे बघत, जणू मागच्या जन्मीचं वैर आहे. एकदा भोंग्यानं डबा धुवायला घेतला तर काकड्या जशाच्या तशा.

"वेळच मिळाला नाही. तीन दुकानं लांब होती."

"बिस्किटांना मिळाला होता?"

"बिस्किटं चालता चालता खाता येतात. काकडी खायला माणसाचं मन शांत लागतं."

पण सुई हलली. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. दोन महिने होत आले तसे नव्वद. बाबा जिन्यावर धापा टाकेनासे झाले, शर्टाच्या आत स्वतःभोवती फिरता येईल इतकी जागा झाली, आणि रविवारी ते शिट्टी वाजवत मसूर निवडू लागले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि नेमका तिथंच घोळ होता. कारण ठरल्याप्रमाणे बाबा फेरीत एकेका काट्यावर चढत होते, "मी ऐंशी" म्हणत होते आणि स्क्रू फिरवत होते. ज्या काट्यावर पहिल्या आठवड्यात चढले तो एक सांगत होता आणि ज्याच्यावर परवा चढले तो दुसरंच.

"काटेवाले, जरा इकडे या," एका संध्याकाळी वखारवाल्यानं हाक मारली. भोंगा शाळेतून येताना बाबांना रस्त्यात भेटली होती. दोघं गेले. "मला एक सांगा. मी इथं पोतं तोलतो, पन्नास भरतं. समोरचा दुकानदार तेच पोतं स्वतःच्या काट्यावर ठेवतो, त्रेपन्न भरतं. बटाटे रस्ता ओलांडताना वाढतात का?"

"थंडी-ऊन असतं, काका," भोंगा घाईनं म्हणाली.

"बारा पावलांच्या रस्त्यात?" वखारवाल्यानं मान हलवली. "आधीच कित्येक वर्षं बघतोय, हल्लीच्या बटाट्यात दम राहिला नाही. पोतं काठोकाठ भरलं तरी सुई जागची उठत नाही. आणि तेच बटाटे समोर गेले की बाळसं धरतात. माझ्याकडेच उपाशी ठेवतो का मी त्यांना?"

बाबा चपळाईनं बाहेर पडले. वळणावर आल्यावर म्हणाले, "अजून दहा किलो. कसंबसं तीस दिवस निभाव."

"आणि आईचं काय? तिच्या काट्यावर तुम्ही दोनदा चढलात."

"तिचं काय व्हायचंय?"

आईचं व्हायचं ते होत होतं. आई निष्ठेनं कोबी खात होती, लिफ्ट सोडून जिना चढत होती आणि दर शनिवारी पार्सलच्या काट्यावर उभी राहत होती. अकरा वर्षांचे साठ आधी एकसष्ट सातशे झाले. मग तिनं रात्रीचा भात सोडला. बासष्ट दोनशे झाले. मग तिनं चहातलं दूध सोडलं.

"अहो, तुम्ही शर्टात पोहताय आणि मी फुगतेय," ती म्हणाली. "एकाच पातेल्यातला मसूर आपण खातो. तुमच्या पोटात जाऊन तो वितळतो आणि माझ्या पोटात जाऊन घर बांधतो?"

"होतं असं कधीकधी," बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

"ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही. परवा कोमट पाण्याबद्दल बोलायला लागले तर तिघी एकमेकींकडे बघून हसल्या."

रात्री भोंग्यानं बाबांना मागच्या खोलीत गाठलं. "सांगा ना तिला. बिचारी उपाशी राहतेय."

"तू सांग. हल्ली तू धीट झालीयेस."

"मी शाळेपुरती धीट आहे," भोंगा म्हणाली.

गौप्यस्फोट झाला तो रविवारी, पुन्हा जेवणाच्या टेबलावरच. बाबा त्या सकाळी अठ्ठ्याऐंशी भरले होते आणि त्या आनंदात दुसऱ्यांदा कोबी मागत होते. आईनं डाव बाजूला ठेवला आणि पर्समधून एक पत्र काढलं.

"काल मी बासष्ट सातशे भरले. त्याच्या आधीच्या आठवड्यातच ठरवलं होतं, एक तर मी खोटी नाहीतर तो काटा खोटा. आणि मी तर खोटी नाही. म्हणून मी वजनमाप ऑफिसला तक्रार पाठवली. रजिस्टर पत्रानं. शिक्काही माझा मीच मारला. हे बघा, उत्तरसुद्धा आलं. त्या नवीन निरीक्षक बाई परवा येतायत. येतच आहेत तर बाजारातले सगळे मोठे काटे तपासून जातील म्हणे, पुन्हा खेप नको." तिनं बाबांच्या हातावर थोपटलं. "काळजी करू नका, तुमचं नाव घातलेलं नाही."

कोबीचा घास अर्ध्या वाटेत थांबला. भोंग्याला वाटलं, हे आपण आधी कुठंतरी बघितलंय.

"परवा?" बाबा म्हणाले.

"परवा."

"पण मला अजून आठ किलो हवे होते."

"कसले आठ किलो?"

मग सगळं बाहेर आलं. कंबर, हातगाडी, एक ऐंशी आणि दुसरं ऐंशी, मागच्या खोलीतली सुई, सतरा काटे, वाढते बटाटे. बाबा सांगत होते आणि जिथं अडत होते तिथं भोंगा पुढचं वाक्य पुरवत होती. आई शांतपणे ऐकत होती. तिचं शांत असणं या घरात फार क्वचित घडायचं, त्यामुळे त्याची भीती जास्त.

"म्हणजे माझे साठ," ती शेवटी म्हणाली.

"बहात्तर होते," भोंगा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पण आई, चांगली बातमीही आहे. तू या दोन महिन्यांत तीन किलो उतरलीयेस. म्हणजे बासष्ट सातशेवरून एकोणसत्तरवर."

"याला उतरणं म्हणतात?"

"गणितात म्हणतात."

आईनं बाबांकडे मोर्चा वळवला. बाबा हवेत बोटं मोजत होते. "आज रात्रीपासून नुसतं पाणी घेतलं," ते स्वतःशीच पुटपुटत होते, "उद्या पहाटे धावलो, केस कापले..."

"एक विचारू?" आई म्हणाली. "तुम्ही शहाण्णव आहात हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"मग दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहून 'मी शहाण्णव' म्हणायचं, आणि सुई शहाण्णववर आणायची. सतराही काटे एका दिवसात बरे झाले असते. उतरायची काय गरज होती?"

भोंग्यानं बाबांकडे बघितलं, बाबांनी भोंग्याकडे. त्रैराशिकात वर्गात पहिली येणारी मुलगी आणि बाजारातला एकमेव काटेवाला, दोघांच्या मिळून दोन डोक्यांत ही गोष्ट दोन महिन्यांत आली नव्हती.

"बाजारात?" बाबा म्हणाले. कान लाल झाले होते. "वखारवाल्यासमोर? शहाण्णव?"

"अच्छा," आई म्हणाली. "म्हणजे दोन महिने पोतंभर कोबी गेला घशाखाली, पण एक आकडा वर येईना."

"तुला बोलायला काय जातं? तू सांगशील का तिघींना एकोणसत्तर?"

आता कान लाल व्हायची पाळी आईची होती. ती उठली, पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवला. बाबा पत्र पुन्हा वाचत होते. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. भोंग्यानं त्या हातांकडे बघितलं. या हातांना सुईचा केसभर फरक कळायचा. लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि परवा दुपारी तेच हात परवान्याचा कागद परत देत असतील. आई आणि बाबा, दोघंही आपापल्या आकड्यावर झाकण धरून बसले होते, जसं काही उघडलं तर उतू जाईल. भोंग्यानं खुर्ची मागे सरकवली. माइक हातात आला होता त्या दिवशी जसे तळहात घामेजले होते तसेच आताही घामेजले होते. ते तिनं फ्रॉकला पुसले आणि उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज थेट मागच्या खोलीपर्यंत गेला. "उद्या मी शाळेत जाणार नाही. आई चिठ्ठी देईल. सकाळी सातला मी चारही वजनं हातगाडीवर चढवणार. चिकटपट्टी आणि लांबोडी ढकलायला येतील, प्रश्न त्यांचाच होता. बाबा गाडीबरोबर नुसते चालतील, कमरेला हात लावून. सतराही काट्यांवर लोखंड उभं राहील, माणूस नाही. कुणी विचारलं की हे आधी का नाही केलं, तर बाबा खरं सांगतील. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल, तेव्हा त्यांनीच हळू आवाजात सांगितलेलं बरं. परवा त्या बाई आल्या तरी हेच सांगायचं. मग त्या काय करायचं ते करोत, काटे तरी खरे असतील."

बाबांनी पत्राची घडी घातली. नाही म्हणाले नाहीत.

"आणि पहिला काटा पार्सल ऑफिसचा," भोंगा म्हणाली.

"पहिला कशाला?" आई चटकन म्हणाली. "वाटेत वखार लागते. आमचा शेवटी घ्या ना, संध्याकाळी, सगळे गेल्यावर."

"पहिला, आई. आधी वजनं चढतील, मग बाबा, मग तू." भोंग्यानं एक मोठा श्वास घेतला, कारण यापुढचं तिला फार जड जाणार होतं. "पण तू चढलीस की आकडा फक्त मी वाचणार, आणि मनातल्या मनात वाचणार."